गाडी डावीकडे ओढते

जुन्या गाडीचं इंजिन बिघडलं की ती बंद पडते, आणि बंद पडलेली गाडी सगळ्यांना कळते. ढकलायला चार जण येतात, त्यातला एक ‘प्लगमध्ये कचरा असेल’ म्हणतो आणि प्रकरण कुठल्या ना कुठल्या मार्गाला लागतं. सस्पेन्शनचं तसं नाही. ते कधी बंद पडत नाही. ते रोज थोडं थोडं झिजतं आणि तेवढ्याच हप्त्याहप्त्याने आपण त्याच्याशी जुळवून घेतो. शेवटी गाडी पार खिळखिळी झालेली असते आणि आपलं ठाम मत झालेलं असतं की हल्ली रस्ते फार खराब झालेत. रस्ते खराब असतातच, त्यामुळे हे मत खोडून काढायला कुणी येत नाही.

आमच्याकडे 1999 सालची मारुती 800 आहे. 14 डिसेंबर 1983 रोजी इंदिरा गांधींनी पहिल्या मारुतीची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हातात ठेवली आणि जानेवारी 2014 मध्ये या गाडीचं उत्पादन थांबलं. मधल्या तीस वर्षांत 25 लाखांहून जास्त गाड्या रस्त्यावर आल्या, आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक कुटुंबात एक मामा असा निघतो की ज्याने त्यातली एक अजून सांभाळलेली आहे. आमच्या कुटुंबातला तो मामा मी. खासगी गाडीला पंधरा वर्षं झाली की तिची नोंदणी पुन्हा करावी लागते, मग दर पाच वर्षांनी पुन्हा, आणि वर पर्यावरण कर. आम्ही ते सगळं निमूटपणे करत आलो. आरटीओत दिवे लागतात का, इंडिकेटर चालतात का, हॉर्न वाजतो का हे पाहिलं गेलं, चासी नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली गेली. सस्पेन्शनवर पेन्सिल घासता येत नाही, म्हणून ते सुटलं.

दरम्यान घरातल्या प्रत्येकाने आपापली सोय लावून घेतली होती. सरळ जायचं तर मला स्टेअरिंग थोडं उजवीकडे धरावं लागे. किती, हे माझ्या मनगटाला पाठ होतं. मला विचाराल तर सांगता आलं नसतं. स्पीडब्रेकर दिसला की आई खिडकीवरची कडी पकडून सीटवरून दोन बोटं वर उचलली जाई आणि ‘श्रीराम’ म्हणे, तेही अशा बेताने की ‘श्री’ला पुढची चाकं आणि ‘राम’ला मागची. बायको डाव्या बाजूला बसते, म्हणून डावीकडचे खड्डे तिच्या नावावर होते. “अहो, तुमच्या बाजूचा रस्ता चांगला आहे,” असं ती म्हणायची. मुलगी लहानपणापासून मागच्या सीटवर दात मिटून बसायला शिकली होती, कारण बोलता बोलता एकदा जीभ चावली गेली की शहाणपण आपोआप येतं. मेहुणे आले की त्यांना आग्रहाने मागे उजवीकडे बसवायचं. त्यांना तो मान वाटे. ते बसले की गाडी बरीच सरळ चालत असे.

आता स्पीडब्रेकरचा विषय निघालाच आहे तर सांगतो. इंडियन रोड्स काँग्रेसने त्याचं माप ठरवून दिलेलं आहे: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, वर 17 मीटर त्रिज्येची गोलाई. गाडीने ताशी 25 किलोमीटरने त्यावरून अलगद जावं, असा हिशेब. आमच्या रस्त्यावरचे उंचवटे हे माप छापून येण्याच्या आधीचे असावेत. उंची मापाला धरून, किंबहुना सढळ, आणि रुंदी मात्र जेमतेम हातभर. एका अपघातानंतर रात्रीतून एक उगवला. पुढच्या गल्लीने तो पाहिला आणि आपल्याकडेही असावा असं त्यांना वाटलं. लग्नाची वरात थांबायची म्हणून केलेला एक आहे, तो जोडपं अमेरिकेला गेलं तरी आहे.

अशा रस्त्यावर सस्पेन्शन नावाची गोष्ट नेमकं काय करते, याबद्दल आपल्याकडे एक सार्वत्रिक गैरसमज आहे. दणका बसला की लोक म्हणतात, शॉकॅब्सॉर्बर गेले. गाडीचा भार शॉकॅब्सॉर्बर पेलत नाहीत, स्प्रिंग पेलतात. खड्ड्यात दबणं, पुन्हा वर येणं, हे सगळं स्प्रिंगचं काम. पण स्प्रिंगला थांबायचं कळत नाही. एकदा दबली की ती वर-खाली, वर-खाली करत बसते. लग्नघरातल्या उत्साही मामाला नाच पुरे म्हणून हात धरून खाली बसवणारी मामी असते, ते काम शॉकॅब्सॉर्बरचं. त्याच्या नळीत तेल असतं आणि दट्ट्याला बारीक भोकं. त्या भोकांतून तेलाला जबरदस्तीने जावं लागतं, त्यात उसळीचा जोर उष्णता होऊन जिरतो. तेल गळून गेलं की स्प्रिंग मोकाट. मग गाडी एका उंचवट्यावरून उतरल्यावर पुढचे पाच-सहा उंचवटे स्वतःच तयार करते. ब्रेक मारला की नाक खाली घालते, वळणावर कलते, आणि सगळ्यात वाईट म्हणजे चाक रस्त्यावर टेकून राहत नाही. जे चाक हवेत आहे त्याला ब्रेकही नाही आणि स्टेअरिंगही नाही.

आपल्या छोट्या गाड्यांत पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकॅब्सॉर्बर एकाच खांबात गुंफलेले असतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन इंजिनिअरने 1940च्या दशकात जनरल मोटर्समध्ये एका छोट्या मोटारीसाठी ही रचना योजली. ती मोटार बाजारात आलीच नाही. मॅकफर्सन फोर्डमध्ये गेला, डोक्यातली कल्पना बरोबर घेऊन गेला, आणि 1950च्या ब्रिटिश फोर्ड कॉन्सलमध्ये ती लागली. जागा कमी, भाग कमी, खर्च कमी. एका रद्द झालेल्या गाडीच्या पायांवर आपला मध्यमवर्ग आज उभा आहे. गॅरेजमध्ये त्याचं नाव कुणी घेत नाही. तिथे त्याला ‘पुढचा शॉकॉप’ म्हणतात.

आमच्या गाडीचं रीतसर दुखणं ऐकू यायला लागलं तेव्हा सगळ्यात आधी सल्लागार जमले. याबाबतीत मराठी माणूस नशीबवान आहे. आवाजाचं वर्णन करायला त्याला शब्द कमी पडत नाहीत. आमच्या घरातच चार मतं होती. बायकोच्या मते ‘टकटक’, आईच्या मते ‘खडखड’, मुलगी म्हणाली ‘कुईकुई’ आणि मी ‘काही नाही, बाटली असेल’ या मतावर ठाम. गंमत म्हणजे गाडी जाणणाऱ्या माणसाला एवढ्यावरून अर्धं निदान करता येतं. हळू वेगात बारीक खड्ड्यांवर टकटक झाली तर स्टॅबिलायझर बारचे रबर किंवा बॉल जॉइंट. उंचवट्यावर बसता-उठता कुईकुई झाली तर चाक धरून ठेवणाऱ्या आर्मचे रबरी बुश वाळलेत. धाडकन, पोटात गोळा येईल असा एकच आवाज आला तर शॉकॅब्सॉर्बर तळाला टेकला. स्टेअरिंग पूर्ण वळवून निघताना कटकटकट झाली तर सस्पेन्शनला बोल लावू नका, तो एक्सलचा जॉइंट आहे. आणि वेगाबरोबर चढत जाणारा ‘घूंऽऽ’ असेल तर चाकाचं बेअरिंग. तेही कुठल्या बाजूचं? गाडी उजवीकडे वळवताना घूं वाढला तर डावीकडचं, कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो. एवढी शास्त्रशुद्ध माहिती उपलब्ध असताना शेजारच्या काकांनी गाडीत पाच मिनिटं बसून, डोळे मिटून सांगितलं, “पेट्रोल बदलून बघा.”

मेहुण्यांचं निदान वेगळं होतं. त्यांच्या मते गाडी विकावी. ते कुठल्याही आजारावर हेच सांगतात. वायपर अडकला होता तेव्हाही सांगितलं होतं.

सगळ्यांचं एकमत मात्र एका गोष्टीवर झालं, ती म्हणजे अलाइनमेंट. गाडी डावीकडे ओढते ना? मग अलाइनमेंट करून घ्या. गाडीला धक्के बसतात? अलाइनमेंट. टायर झिजतात? अर्थात अलाइनमेंट. हा विधी लोकप्रिय का आहे हे एकदा ते दुकान पाहिलं की समजतं. गाडी रॅम्पवर चढते, चारी चाकांना चकचकीत पंजे लागतात, मोठ्या पडद्यावर गाडीचं चित्र येतं आणि त्यात लाल आकडे लुकलुकायला लागतात. आपल्या गाडीबद्दल इतके लाल आकडे बघून कुणाचाही जीव कासावीस होईल. मग दुकानातला मुलगा गाडीखाली जातो, दोन नट इकडे-तिकडे फिरवतो आणि आकडे एकेक करून हिरवे होतात. आपण पैसे देतो आणि छापील कागद घेऊन समाधानाने बाहेर पडतो.

त्या दोन नटांनी फक्त टो बदलतो. म्हणजे पुढची दोन चाकं वरून पाहिली असता एकमेकांकडे किती वळलीत, ते. कॅम्बर, म्हणजे चाक समोरून पाहिलं असता किती कललंय, ते या गाडीत असं नट फिरवून बदलत नाही; ते बिघडलं असेल तर काहीतरी वाकलंय किंवा झिजलंय. काही ठिकाणी जॅक लावून शॉकॅब्सॉर्बरचा खांबच दाबून वाकवतात आणि आकडा हिरवा करून दाखवतात. आणि मुळात चाक ज्या जॉइंटांवर उभं आहे तेच ढिले असतील तर हा सगळा हिशेब दुकानाच्या दारापर्यंतच टिकतो. आमच्या बाबतीत दारापर्यंतही टिकायचं कारण नव्हतं, कारण त्या दुकानाच्या दारातच गटाराचं एक झाकण दोन इंच खाली बसलेलं होतं. धंद्याच्या दृष्टीने ते झाकण अचूक जागी होतं.

शेवटी एक मेस्त्री मिळाले. कॅनॉलच्या कडेला पत्र्याची शेड, आत दोन गाड्या मावतील एवढी जागा आणि पाच उभ्या. मी आवाजाचं वर्णन सुरू केलं. घरून पाठ करून गेलो होतो. त्यांनी हात वर केला. “साहेब, आवाज राहू द्या. किल्ली पण राहू द्या.” आणि ते सरळ पुढच्या डाव्या टायरपाशी उकिडवे बसले.

पुढची दहा मिनिटं त्यांनी इंजिन चालू केलं नाही. आधी हवा मोजली. डावीकडे उजवीपेक्षा चांगली पाच पौंड कमी. “गाडी डावीकडे ओढायला एवढं पुरतं,” ते म्हणाले. मग तळहात टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत, आतून बाहेर असा फिरवला आणि माझा हात धरून तोही फिरवला. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीचे दात. हे टो बिघडल्याचं लक्षण. मग टायरच्या गोलाईवरून हात नेला तर उंच-सखल लागत होतं. चाक उड्या मारत चालल्यामुळे ते तसं ठिकठिकाणी खाल्लं गेलेलं, म्हणजे शॉकॅब्सॉर्बर थकलेला. टायरच्या बाजूवर चार आकडी नंबर असतो, त्यातले पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. 2314 म्हणजे 2014 सालचा तेविसावा आठवडा. मेस्त्रींनी आमचा नंबर वाचला आणि हाताखालच्या बारक्याला दाखवला. बारक्याने माझ्याकडे आदराने पाहिलं. तो त्या टायरपेक्षा फार मोठा नसावा.

मग बॉनेटच्या कोपऱ्यावर दोन्ही हात ठेवून गाडी दाबली आणि सोडली. चांगली गाडी वर येते, जागेवर थांबते. आमची वर आली, खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. मेस्त्रींनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, चुना लावला, मळली, तोंडात टाकली. तोवर गाडी स्थिर झाली होती.

जॅकवर चढवल्यावर खरा तपास झाला. चाक घड्याळ समजून आधी बारा आणि सहावर धरायचं आणि हलवायचं. हललं तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग. मग नऊ आणि तीनवर धरून हलवायचं. तिथे हललं तर टाय रॉडचं टोक किंवा स्टेअरिंगची रॅक. आमच्या डाव्या चाकाला बारा-सहा होतं आणि उजव्याला नऊ-तीन. “खाली या,” मेस्त्री म्हणाले. मी पोत्यावर आडवा झालो. त्यांनी लोखंडी टॉमी आर्म आणि चासीच्या मध्ये घालून किंचित दाबली आणि आर्म करंगळीभर पुढे सरकला, सोडल्यावर ‘टक’ करून मागे आला. आईची खडखड आणि बायकोची टकटक, दोन्ही मला त्या पोत्यावर पडल्या पडल्या दाखवण्यात आल्या. बुशाचं रबर भेगाळलेलं होतं आणि नखाने टोकरलं तर भुगा पडत होता. पंचवीसेक वर्षांच्या रबराकडून याहून जास्त अपेक्षा करणं अन्यायाचं होतं. पुढच्या डाव्या शॉकॅब्सॉर्बरवर तेल ओघळून त्यावर धुळीचा थर इतका जाड जमला होता की त्यावर पेन्सिलीने चासी नंबर लिहिता आला असता.

“बॉल जॉइंट आधी,” मेस्त्री उठत म्हणाले, आणि एवढ्या एका वेळेस त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती. “बाकीचं नुसतं वाजतं साहेब. हा सुटला की चाक आडवं होतं.”

एरवी तपासण्याची त्यांची क्रमवारी ठरलेली होती. आधी हवा, मग टायर, मग रबर, मग जॉइंट, मग शॉकॅब्सॉर्बर आणि अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. “लोक उलटं करतात,” ते म्हणाले. “कारण अलाइनमेंटच्या दुकानात एसी असतो.” मला विचाराल तर गाडीविषयीचं एवढं अर्थपूर्ण वाक्य मी कुठल्या जाड पुस्तकातही वाचलेलं नाही. स्वस्त गोष्टीपासून सुरुवात करायची, या साध्या विचाराला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. मिसळीच्या एका प्लेटच्या किमतीत येणारं रबर बदलण्याऐवजी माणूस नवी अलॉय व्हील्स घालून बघतो.

सामान आणायला नाना पेठेत गेलो. पुण्यात जुन्या गाडीचा मालक असणं म्हणजे नाना पेठेत ओळखी असणं. दुकान आठ फूट रुंद, आत खोली किती ते मालकालाही नक्की माहीत नसावं. काउंटरवर मी ‘लोअर आर्मचे बुश’ म्हटल्यावर त्यांनी विचारलं, “कुठला देऊ?” मी म्हटलं, “ओरिजिनल.” त्यावर त्यांच्या चेहऱ्यावर दया दिसली. ओरिजिनलमध्ये पाच प्रकार होते. कंपनीच्या खोक्यातला ओरिजिनल, ज्या कारखान्यातून कंपनीला माल जातो त्या कारखान्याच्या स्वतःच्या खोक्यातला ओरिजिनल, ‘तोच माल, फक्त खोकं नाही’ असा ओरिजिनल, ‘चालतो, तक्रार नाही’ असा ओरिजिनल आणि शेवटी ‘गाडी विकायची असेल तर हा घ्या’ असा एक. पाचही काउंटरवर एका रांगेत मांडले. दिसायला सारखेच. फरक कळावा म्हणून मालकांनी शेवटचा अंगठ्याने दाबून दाखवला. तो दबला आणि दबलेलाच राहिला. माझ्यामागे उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने न विचारता दुसऱ्या क्रमांकाकडे बोट दाखवलं. मी तोच घेतला. पुढचे शॉकॅब्सॉर्बर जोडीने घ्यावे लागले, कारण एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना घातला तर गाडी दोन मतांची होते.

जुने बुश आर्ममधून काढणं हा प्रकार बघण्यापेक्षा वास घेण्याचा आहे. रबर लोखंडाला इतकं चिकटून बसलेलं असतं की बरेचदा ते जाळून काढतात. बारक्याने ते काम आनंदाने केलं आणि समोरच्या इमारतीतल्या खिडक्या एकामागून एक बंद झाल्या. नवे बुश साबणाचं पाणी लावून प्रेसमध्ये दाबून बसवले. पुढची स्प्रिंग उतरवताना मेस्त्रींनी सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं. दाबलेली स्प्रिंग सुटली तर ती कुणाला ओळखत नाही. कित्येक ठिकाणी ती तारेने बांधून काढतात. यांच्याकडे तिला दाबून धरणारे दोन लांब आट्यांचे क्लॅम्प होते, आणि आजोबांची पोथी कापडातून काढावी तितक्या काळजीने त्यांनी ते बाहेर काढले.

सगळं बसल्यावर बारक्या बुशाचे बोल्ट आवळायला धावला आणि मेस्त्रींनी त्याच्या हातातला पाना काढून घेतला. गाडी जॅकवर, चाकं लोंबकळत असताना बुशाचा बोल्ट पक्का आवळायचा नाही. तसं केलं तर रबर त्या लोंबत्या स्थितीत जखडलं जातं आणि गाडी जमिनीवर उतरली की ते कायम पिळलेलंच राहतं. नवं रबर थोड्याच काळात फाटतं आणि लोक दुकानदाराला शिव्या घालतात. आधी चाकं जमिनीवर टेकवायची, गाडीचं वजन स्प्रिंगांवर येऊ द्यायचं आणि मग आवळायचं. या गाडीचं स्वतःचं वजन साधारण 650 किलो. त्यात पाच माणसं आणि सामान भरलं की निम्म्याहून जास्त भार वर चढतो. मेस्त्रींनी मला आणि गॅरेजमध्ये चहा घेऊन आलेल्या पोऱ्याला आत बसवलं आणि मग खालून बोल्ट आवळले. गाडीच्या दुरुस्तीत माझा प्रत्यक्ष सहभाग तेवढाच.

त्यानंतर अलाइनमेंट. त्याच दुकानात, त्याच झाकणावरून. या वेळी आकडे हिरवे झाले आणि हिरवेच राहिले.

खरी अडचण गाडी दुरुस्त झाल्यावर सुरू झाली. माझं मनगट अजून स्टेअरिंग उजवीकडे धरत होतं आणि गाडी आता सांगेल तिकडे जात होती. परिणामी पहिल्याच सिग्नलला मी दुभाजकाच्या इतका जवळ गेलो की त्यावर झोपलेल्या कुत्र्याने उठून जागा दिली. आपल्याकडे रस्त्याला मध्यभागी उंची ठेवून दोन्ही कडांना उतार देतात, पाणी वाहून जावं म्हणून. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे कुठलीही सरळ गाडी हात सोडला की अगदी किंचित डावीकडे सरकते. एवढा डावेपणा निरोगी असतो. मला मात्र तोही खपेना. वर्षानुवर्षं गाडीच्या हट्टाशी भांडण्यात एक मजा येत होती ती गेली.

आईचं दुःख वेगळं होतं. स्पीडब्रेकरवर ती ‘श्री’ म्हणून वर उचलली गेली आणि ‘राम’ म्हणायची वेळच आली नाही. “झाला का?” तिने विचारलं. झाला होता, मागे पडला होता. तिला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. मेहुण्यांना आता कुठेही बसा म्हटल्यावर ते दुखावले.

साताऱ्याला जाऊन आलो तेव्हा मात्र गाडीने आपली बाजू मांडली. जाताना खंबाटकीचा घाट चढताना वळणावळणावर ती पूर्वी जी आडवी व्हायची ती झाली नाही. येताना बोगद्यातून बाहेर पडल्यावर इंग्रजी एसच्या आकाराचं जे वळण लागतं, तिथे पूर्वी मी श्वास धरून असायचो. या वेळी शेजारून जाणाऱ्या नव्याकोऱ्या मोठ्या गाडीने ब्रेक लावला आणि आमची 145 मिलिमीटर रुंदीच्या टायरांवरची, 12 इंची चाकांची गाडी आपली रेघ न सोडता वळली. मी आरशात पाहिलं. कुणीही दाद देत नव्हतं. बायको झोपली होती. तिच्या बाजूला खड्डे असूनही झोपली होती.

आता एक नवीनच प्रकार सुरू झाला आहे. खालची खडखड थांबल्यापासून वरचे आवाज ऐकू येतात. डॅशबोर्ड कुठेतरी कुरकुरतो. मागच्या काचेचं रबर एका विशिष्ट वेगाला शीळ घालतं. डिकीतला जॅकचा दांडा इतकी वर्षं लोळत होता हे कुणाला माहीतच नव्हतं. मुलगी म्हणते, “बाबा, आधीच बरं होतं, एकच आवाज होता.”

माझी कीर्ती मात्र पसरली. परवा वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले. त्यांची गाडी आमच्याहून पुष्कळ तरुण, पण डावीकडे ओढते आणि टकटक करते. मी त्यांच्याबरोबर फेरी मारली नाही, किल्लीही घेतली नाही. सरळ पुढच्या टायरपाशी उकिडवा बसलो, तळहात नक्षीवरून फिरवला, त्यांचा हात धरून त्यांनाही फिरवायला लावला. हवा तपासा म्हणालो. पुढचे दोन टायर एकमेकांच्या जागी घालून बघा, ओढ उजवीकडे गेली तर दोष टायरचा आहे, म्हणालो. थोडं चालवून आल्यावर रिमला जपून हात लावा, एक चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. मग बुश बघा. मग जॉइंट, बारा-सहा आणि नऊ-तीन. मग शॉकॅब्सॉर्बर. अलाइनमेंट सगळ्यात शेवटी. त्यांनी सगळं लक्षपूर्वक ऐकलं, मधूनमधून मानही डोलावली. शेवटी गाडीत बसून काच खाली केली.

“छान समजावून सांगितलंत,” ते म्हणाले. “जाता जाता अलाइनमेंट करून टाकतो, मग बाकीचं बघू.”